आगाराबाहेरचे पहिले वर्ष

वाचकहो, आपल्या घरात, शेजारात किंवा नात्यात एसटीतून निवृत्त झालेले एखादे चालक असतीलच. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणारी घाटातली गाडी, अकोट-तेल्हाऱ्याकडून पहाटे अकोल्याला निघणारी विद्यार्थी आणि दूधवाल्यांची गाडी, मोर्शी-वरुडकडची संत्र्याच्या हंगामातली गर्दी, आषाढीला पंढरपूरसाठी सुटणाऱ्या जादा गाड्या, हे सारे ज्यांच्या हातून तीस-तीस वर्षे पार पडले, त्या माणसांच्या निवृत्तीनंतरच्या आरोग्याविषयी या पंधरवड्यात बोलू. चालकांविषयी जे सांगायचे आहे, त्यातले बरेचसे वाहक आणि यांत्रिक कर्मचाऱ्यांनाही लागू आहे.

चालकासाठी आगाराचे फाटक दोन प्रकारे बंद होते. एक प्रकार आपण सर्वांनी पाहिला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातील सुमारे २५० आगारांतील वाहतूक जवळजवळ पूर्ण थांबली. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे ही मुख्य मागणी होती. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्यास सांगितले, तेव्हा गाड्या पुन्हा नियमित रस्त्यावर आल्या. पाच महिन्यांहून अधिक काळ अमरावती आणि अकोला विभागांतील आगारेही इतर राज्याप्रमाणे शांत होती. दुसरा प्रकार रोजचा आहे आणि त्याची बातमी होत नाही. वयाची ५८ वर्षे पूर्ण झाली की महिन्याच्या शेवटच्या दिवशी हार-नारळ होतो, सहकारी फाटकापर्यंत येतात आणि त्या एका माणसापुरते आगार कायमचे बंद होते.

संप योग्य होता की अयोग्य, ही चर्चा या सदराची नाही. परंतु त्या पाच महिन्यांनी आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट डोळ्यांसमोर आणली. निवृत्तीत जे हळूहळू घडते, ते तेव्हा हजारो घरांत एकदम घडले. पगार थांबला, ड्युटीचे वेळापत्रक गेले, खाकी गणवेश खुंटीला लागला आणि रोजची माणसे दुरावली. पन्नाशी ओलांडलेले कितीतरी कर्ते पुरुष अंगणात बसून राहिले. काहींनी जीवन संपविल्याच्या दुःखद बातम्याही राज्यभरातून आल्या. आर्थिक ताण हे त्यामागचे मोठे कारण होतेच. पण काम थांबल्यावर माणसाच्या आत काय काय थांबते, याचाही विचार करायला हवा.

ड्युटीने चालकाचे शरीर झिजविले हे खरे. पण त्याच ड्युटीने त्याला उभेही ठेवले होते. ड्युटी संपते तेव्हा झीज शिल्लक राहते आणि आधार मात्र निघून जातो. म्हणूनच आगाराबाहेरचे पहिले वर्ष हे विश्रांतीचे वर्ष समजून सोडून देऊ नये. घरच्यांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे असे ते वर्ष आहे.

बसून केलेल्या कष्टाची किंमत

चालकाचे काम कष्टाचे असते यात शंका नाही. पण त्या कष्टात शरीर हलत नाही. वैद्यकशास्त्राला याची जाणीव करून दिली तीच मुळी बसचालकांनी. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत दिवसातून शेकडो पायऱ्या चढ-उतार करी. एकाच बसमध्ये, एकाच धुरात, सारख्याच वेळा सांभाळून काम करणाऱ्या या दोघांत चालकांना हृदयविकार अधिक होत असल्याचे आढळले. तीन वर्षांनी त्याच संशोधकांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारीचा कमरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच वाहकांपेक्षा मोठा असल्याचे दिसले. म्हणजे सारा दोष आसनाचा नव्हता, हेही त्याच संशोधकांनी दाखवून दिले. तरी बैठे काम आणि हृदय यांचा संबंध तेव्हापासून जगभर मान्य झाला.

आपल्या वऱ्हाडातील चालकाच्या आसनाला आणखी काही गोष्टी चिकटल्या. जुन्या गाड्यांत इंजिन पुढे, चालकाच्या डाव्या हाताशी असे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बाहेरचे ऊन आणि आतले तापलेले बॉनेट यांच्यामध्ये माणूस आठ-आठ तास बसे. वाटेत लघवीला सोय नाही म्हणून पाणी कमी प्यायचे, ही सवय जडली. जेवण कधी अकराला, कधी चारला. झोप येऊ नये म्हणून तोंडात खर्रा. मुक्कामी गाडी असेल तर रात्री गाडीतच किंवा गावातल्या एखाद्या खोलीत अंग टाकायचे आणि दिवस उगवण्यापूर्वी पहिली फेरी काढायची. हे सारे शरीर विसरत नाही. सेवेत असताना दुखणी ड्युटीच्या धावपळीत दबून राहतात आणि घरी बसल्यावर एकेक करून वर येतात. मग घरचे म्हणतात, "नोकरीत होते तोवर ठणठणीत होते, घरी आल्यावर आजारी पडले." प्रत्यक्षात आजार आधीचाच असतो, त्याकडे पाहायला सवड आता मिळालेली असते.

गाडीचे पासिंग, तसे शरीराचे

गाडी आगारातून निघण्यापूर्वी तेल, पाणी, हवा आणि ब्रेक पाहण्याची शिस्त चालकाच्या अंगात मुरलेली असते. गाडीला पासिंगही चुकत नाही. सेवेत असताना परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, म्हणून निदान डोळे आणि रक्तदाब तरी तपासले जातात. निवृत्तीनंतर ही सक्ती संपते. ती जागा घरच्यांनी घ्यावी. निवृत्तीपासून तीन महिन्यांच्या आत पुढील तपासण्या करून घ्याव्यात.

पहिली, रक्तदाब आणि साखर. वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर उपचार लागतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक असल्यास आणि ती पुन्हा तपासून तशीच आल्यास मधुमेह समजावा. १०० ते १२५ ही सावध होण्याची पायरी आहे. सोबत कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचे कार्य सांगणारी क्रिएटिनिन तपासणी आणि हृदयाचा आलेख काढावा. येथे एक धोका आवर्जून सांगावासा वाटतो. "आता टेन्शन राहिले नाही" असे म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. गोळीमुळे दाब नियंत्रणात असतो. ती थांबविली की तो पुन्हा चढतो आणि त्याचा पत्ता कधी कधी पक्षाघात झाल्यावरच लागतो.

दुसरी, डोळे आणि कान. मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहामुळे होणारी पडद्याची हानी, या तिन्हींसाठी बुबुळ मोठे करून तपासणी व्हावी. कानांकडे मात्र कोणी पाहत नाही. इंजिनाच्या आणि हॉर्नच्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्यांची श्रवणशक्ती हळूहळू कमी होते, तीही आधी बारीक आणि उंच स्वरांची. नातवंडांचे बोलणे समजत नाही, टीव्हीचा आवाज वाढतो, प्रश्नाला भलतेच उत्तर येते. घरचे समजतात, बाबा मुद्दाम लक्ष देत नाहीत किंवा चिडखोर झाले आहेत. ऐकू न येणारा माणूस पुढे बोलणेच टाळतो. उतारवयातील स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत उपचार न केलेला बहिरेपणा गणला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे श्रवणयंत्राला चैनीची वस्तू कोणी म्हणणार नाही.

तिसरी, तोंड. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा हा विदर्भातला घरोघरचा शत्रू आहे. आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे पाहावे. जात नसतील, गालाच्या आतून पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तिखट लागताच आग होत असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लगेच दंतवैद्यांना दाखवावे. सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. झोप रोखण्यासाठी खर्रा सुरू झाला होता. आता रात्री गाडी हाकायची नाही, तेव्हा तो सोडण्याची याहून चांगली वेळ पुन्हा येणार नाही.

चौथी, पाठ, गुडघे आणि मूत्रमार्ग. कंबरदुखी आणि क्लच दाबणाऱ्या पायाचा गुडघा ही बहुतेकांची तक्रार. ती नियमित व्यायामाने बरीच आटोक्यात राहते. परंतु पाय लुळा पडू लागला, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे. लघवीची धार बारीक होणे, रात्री तीन-चारदा उठावे लागणे, कुशीत कळ येणे यांसाठी प्रोस्टेट आणि मूतखड्याची तपासणी करावी. पाणी आता मोकळेपणाने प्यावे. मात्र ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

या तपासण्यांसाठी मोठ्या खासगी रुग्णालयात जावे लागते असे नाही. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीचे इर्विन म्हणून ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि तालुक्यांची ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये येथून सुरुवात करता येते. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकस्मात घाम आणि धाप यांपैकी काही जाणवले, तर मात्र तपासणीची तारीख पाहत बसू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत न दुखताही केवळ धाप आणि घाम येऊ शकतो.

ड्युटीचे घड्याळ उतरवताना

निवृत्तीनंतरही कित्येक चालकांना पहाटे तीनला जाग येते. उठून काय करायचे ते उमजत नाही, म्हणून अंथरुणात पडून राहायचे. मग दुपारी दोन-तीन तास झोप. आणि रात्री पुन्हा डोळा लागत नाही. ज्या शरीराने तीस वर्षे आज पहाटेची, उद्या दुपारची, परवा मुक्कामाची ड्युटी केली, त्याला स्वतःचे असे वेळापत्रकच उरलेले नसते. ते नव्याने घालून द्यावे लागते.

उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रात्री झोप कमी झाली असली तरीही. उठल्यावर तासाभरात बाहेरच्या उजेडात जावे. सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ जुळविण्यास मदत करतो. दुपारची झोप अर्ध्या तासात आटोपावी आणि चारनंतरचा चहा टाळावा. जेवणाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. ज्यांनी आयुष्यभर डब्यातले गार जेवण मिळेल तेव्हा खाल्ले, त्यांना घरची गरम भाकरी, भाजी आणि वरण वेळेवर मिळणे हाच अर्धा उपचार आहे. मात्र घरी बसल्यावर येता-जाता चिवडा, पोहे आणि गोड चहा वाढतो, तो आवरावा. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून उठणे आणि दिवसा बसल्या-बसल्या डुलकी लागणे ही तीन लक्षणे एकत्र असतील, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करावी. हा विकार रक्तदाब वाढवितो आणि उपचाराने सुधारतो.

व्यायामाची सुरुवात दहा मिनिटे चालण्याने करावी आणि महिन्या-दीड महिन्यात आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत न्यावी. उन्हाळ्यात सकाळी आठपूर्वी चालणे उरकावे. रोज खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे केले, तर मांड्या बळकट होतात आणि गुडघ्यांवरचा भार हलका होतो. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून व्यायामाची परंपरा जोपासली आहे. आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. गावचे मैदान, शाळेचे पटांगण, मंदिराचा परिसर, कोठेही चालावे; शक्यतो सोबतीने चालावे.

माणसांतून उठून एकटेपणात

शरीरापेक्षा अवघड भाग मनाचा आहे. चालक दिवसभर चाळीस-पन्नास जिवांची जबाबदारी वाहतो. गावोगावी त्याला लोक ओळखतात. गाडी वेळेवर आली म्हणून कोणाची परीक्षा चुकत नाही, कोणी बाळंतीण वेळेत रुग्णालयात पोहोचते. हा मान पगाराच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. पण माणूस त्यावर जगत असतो. एक तारखेपासून तो अचानक थांबतो. घरात त्याला जागा असते, पण काम नसते.

याची दुसरी बाजूही पाहावी. मुक्काम आणि आडवेळच्या ड्युट्या यांमुळे तीस वर्षे घर त्याच्यावाचून चालले. मुलांची शाळा, आजारपणे, सणवार, शेतीचे व्यवहार हे सारे पत्नीने एकटीने निभावले. आता तो दिवसभर घरी असतो, स्वयंपाकघरात सूचना देतो, कोण कोठे गेले ते विचारतो. तिचा त्रागा समजण्यासारखा आहे. अशा वेळी दोघांनी मोकळेपणाने बोलून घर नव्याने वाटून घ्यावे. त्याला फुटकळ कामे सांगण्याऐवजी एखादी पूर्ण जबाबदारी द्यावी, जिला वेळ आहे आणि जिच्यावर कोणीतरी अवलंबून आहे. नातवाला शाळेत सोडणे-आणणे, घरातील सर्वांच्या औषधांचा हिशेब, वीजबिल आणि बँकेचे व्यवहार, परसातली भाजी, यांतले काही एक पूर्णपणे त्याचे असावे. त्याने ते आपल्या पद्धतीने केले तर करू द्यावे.

बरेच निवृत्त चालक सकाळ-संध्याकाळ बसस्थानकावर जाऊन बसतात. घरचे रागावतात, "आयुष्यभर तिथेच होते, आता तरी घरी बसा." वाचकहो, त्यांना जाऊ द्यावे. बाकावर बसलेल्या त्या चार मित्रांत ते अजून कोणीतरी असतात. कोणत्या आगाराला नव्या गाड्या आल्या, कोणाला बढती मिळाली, कोण आजारी आहे, याची विचारपूस त्यांच्यासाठी औषधासारखी असते. चिंता करायची असेल तर जाणे अचानक बंद झाल्यावर करावी.

वयस्कर पुरुषांतील नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिडीतून, अंगदुखीच्या तक्रारींतून, जेवण कमी होण्यातून, दारू वाढण्यातून आणि "आता माझा काय उपयोग" अशा वाक्यांतून दिसते. अशी स्थिती दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कानावर पडले तर ते हसण्यावारी नेऊ नये. जवळ बसून सरळ विचारावे, "जीव देण्याचे विचार मनात येतात का?" असे विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मनातले बोलून टाकण्याची वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये. टेली मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मदत मिळते आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

पुन्हा स्टिअरिंग धरावे का?

पैशाची गरज आणि सवय, दोन्हींमुळे अनेक जण शाळेची व्हॅन, खासगी ट्रॅव्हल्स किंवा कोणाची मोटार चालवू लागतात. काम करणे वाईट नाही; अर्ध्या दिवसाचे, दिवसाउजेडीचे काम पुष्कळांना मानवते. परंतु रात्रीची लांब पल्ल्याची गाडी या वयात टाळावी. समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे सावरायला आता अधिक वेळ लागतो, ब्रेकवर पाय जाण्याचा क्षण किंचित लांबतो आणि जुना आत्मविश्वास या दोन्ही गोष्टी मान्य करीत नाही. साखर खाली जाण्याची औषधे घेत असाल, चक्कर येत असेल किंवा दिवसा झोप अनावर होत असेल, तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत वाहन चालवू नये. घाटात गाडी कधी थांबवावी हे ज्याला कळले, त्याला हेही कळेल; फक्त घरच्यांनी ते टोमण्यातून नव्हे, आदराने सांगावे.

कागदपत्रे हीही औषधेच

औषध नियमित चालायचे तर पैसाही नियमित हवा. एसटी कर्मचाऱ्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ लागू आहे. पेन्शनसाठी धरले जाणारे वेतन साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच मोजले जाते, म्हणून दीर्घ सेवेनंतरही हाती येणारी रक्कम मोजक्या हजारांतच राहते. किमान पेन्शन तर सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम हाच म्हातारपणचा खरा आधार ठरतो. ती मिळताच घरबांधणी, लग्न आणि नातेवाइकांची उसनवारी यांत संपून जाते, असे अनेक घरांत घडते. त्यातील एक निश्चित हिस्सा उपचारांसाठी पती-पत्नीच्या संयुक्त नावे बाजूला ठेवावा आणि मुलांनीही त्याकडे पाहू नये.

या पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो वर्षात केव्हाही देता येतो, दिल्यापासून एक वर्ष चालतो आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. दाखला चुकला की पेन्शन थांबते. सदस्याच्या मृत्यूनंतर पत्नीला पेन्शनची निम्मी रक्कम मिळते. त्यासाठी आधार कार्ड, बँक खाते, सेवेच्या नोंदी आणि निधीचे कागद यांतील नाव आणि जन्मतारीख आजच जुळवून घ्यावी. एका अक्षराच्या फरकासाठी मागे राहिलेल्या पत्नीला पुढे महिनोन्‌महिने हेलपाटे पडतात.

उपचारांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक आजारांवर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. शहरातील तपासणीसाठी प्रवासाचा खर्चही आड येऊ नये. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या प्रवास पासाचे नियम आपल्या जुन्या आगारात विचारावेत. शिवाय ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना एसटीत निम्मे भाडे आणि ७५ वर्षांवरील व्यक्तींना मोफत प्रवास आहे. स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे लागते. तेव्हा दवाखान्याला दोघांनी मिळूनच जावे. डॉक्टर काय म्हणाले, हे चार कानांनी ऐकलेले बरे.

हे सारे एका दिवसात होणार नाही. या पंधरवड्यात एवढेच करावे: घरातील निवृत्त चालकाशेजारी बसून एका वहीत चार पाने करावीत. पहिल्यावर तपासण्या आणि त्यांच्या तारखा, दुसऱ्यावर औषधे, तिसऱ्यावर दिवसाचे वेळापत्रक, चौथ्यावर कागदपत्रे. ही वही त्यांच्याच हस्ताक्षरात असू द्यावी. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक फेरीची नोंद ठेवली आहे. स्वतःच्या शरीराची नोंद ठेवण्याची वेळ आता आली आहे, आणि शेजारी बसून ती लिहून घेणारे कोणीतरी आपले माणूस त्यांना हवे आहे.